पंच उठेना

"असा चढला, इथं अढी मारली, आन् मग असं मुद्दाम सुटल्यासारखं केलं," असं सांगत सांगत गफार पिंजारी आपल्याच घरातल्या लाकडी खांबावरून खाली आला, तो थेटच आला. खाली रात्रीच पिंजून ठेवलेल्या कापसाचा ढीग होता. माणसानं पडावं तर अशाच जागी. पण ढिगाच्या कडेला अन्वरीनं मिरच्या कुटायला काढलेलं उखळ होतं आणि एवढा सगळा कापूस सोडून गफारचा डावा पाय नेमका त्या उखळाच्या काठावर आला.

"दाखवून झालं का?" अन्वरीनं विचारलं.

"झालं," कापसातून आवाज आला.

"मग उठा की."

गफार उठला नाही. तो कापसात पडल्या पडल्या माळवदाकडं बघत राहिला. घोट्यात अशी कळ आली होती की त्याला बायकोचं नावसुद्धा आठवायला वेळ लागला असता.

आता गफारला सकाळी सकाळी खांबावर चढायची काही गरज होती का? नव्हती. थंडी मी म्हणत होती, गावातल्या निम्म्या घरांच्या रजया भरायच्या राहिल्या होत्या. पण त्या दिवशी तेरमध्ये नदीकाठच्या म्हसोबाची जत्रा होती, जत्रेत मल्लखांब होता, आणि मल्लखांब म्हटलं की गफारच्या अंगात यायचं. स्वतः तो पेरूच्या झाडावरही कधी चढला नव्हता. मात्र दुसरा खांबावर चढला की त्याची मांड कुठं ढिली पडली, पंजा कुठं ताणला नाही, हे तो खालून असं काही ओरडून सांगायचा की वरच्याला वाटावं, खांब सोडून आधी याचीच मान धरावी.

"कुस्तीत काय मजा हाय?" तो म्हणायचा. "पाठ लागली की संपलं. ते आंधळ्यालाबी कळतं. मल्लखांबाला नजर लागती, नजर."

ही नजर मागच्या साली फारच लागली होती. धाराशिवच्या तालमीतला लिंबाजी खांबाच्या टोकावरच्या गोल बोंडावरून उतरताना घसरला आणि घोटा धरून खाली बसला. लोक धावणार, तेवढ्यात गफार गर्दीतून ओरडला, "नाटक हाय. हरायलाय म्हणून नाटक करायलाय." झालं, सगळ्या जत्रेनं ते उचललं. तालमीची पोरं लिंबाजीला पाठीवर घेऊन बैलगाडीकडं निघाली, तरी मागून "नाटक, नाटक" चाललंच होतं. जिंकणाऱ्याला मिळणारा फेटा तेरमध्येच राहिला. जर्मनीशी चाललेल्या लढाईचे दिवस, कापड मिळत नव्हतं, आणि त्यात जरीकाठी फेटा. धाराशिवकरांच्या ते फार मनाला लागलं. या साली त्यांनी निरोपच धाडला की, ज्याला एवढं कळतं त्याला पंच म्हणून बसवा, मगच आमी येऊ.

गफारनं तो निरोप गावभर मिरवला. आणि आज सकाळी अन्वरी एवढंच म्हणाली होती की, "त्या लेकराला खरंच लागलं असंल तर?" लागणं शक्यच नाही हे बायकोला पटवून देण्यासाठी तो खांबावर चढला होता.

"लागलंय ना?" अन्वरीनं आता त्याचा पाय बघितला. घोटा चांगलाच सुजला होता.

"न्हाय."

"मग जाऊ नका जत्रंला."

"न्हाय गेलो तर म्हनतील, गफार पळाला. आन् लंगडत गेलो तर काय म्हनतील, सांग."

काय म्हणतील ते दोघांनाही ठाऊक होतं. अन्वरी तोंडाला पदर लावून हळद आणायला आत गेली. ती तिथं बराच वेळ का थांबली हे गफारनं विचारलं नाही.

शेवटी गफारनं दोस्ताला, जलील मनियाराला बोलावलं. बांगड्या विकायला गावोगाव फिरणाऱ्या जलीलकडं एक म्हातारं तट्टू होतं. गफार त्याच्यावर बसला, हळदीचा लेप लावलेल्या पायावर नवीकोरी रजई घेतली, आणि स्वारी नदीकाठी निघाली. एरवी जत्रेत सगळ्यांच्या आधी पायी धावणारा पिंजारी घोड्यावरून येताना बघून लोक चाटच पडले.

"पंच झाला न्हाय तर लगेच घोडं आलं," एक जण म्हणाला.

"आन् बघ की, खाली पायसुदिक टेकवंना."

जलीलनं तट्टू पंचांच्या बाजेला लावलं आणि गफार जिनावरून घसरून थेट बाजेवर गेला. जमिनीशी त्याचा संबंधच आला नाही. त्याला वाटलं, जिंकलो. आता बसूनच तर राहायचं आहे.

पण बसून राहणं हेच त्या जत्रेत सगळ्यांत अवघड काम होतं. तेरच्या मल्लखांबाची रीतच तशी होती. तिथं गुण लिहायचे नाहीत, बोटं दाखवायची नाहीत. खेळ मनाला भिडला की पंचानं बाजेवरून उठून उभं राहायचं. तिन्ही पंच ज्याला उठतील त्याला फेटा. 'पंच उठला' अशी आरोळी झाली की हळू वाजणारी हलगी कडाडायची. ही रीत गफारला जन्मापासून माहीत होती. पण घोटा कसा लपवायचा याच्या विचारात ती तेवढी डोक्यातून निसटली होती, आणि हलगीवाला समोर येऊन उभा राहिला तेव्हा ती एकदम आठवली. थंडीतही त्याला घाम फुटला.

बाकीच्या दोन पंचांचा काही भरवसा नव्हता. किराणा दुकानदार महालिंगप्पा इतके मऊ मनाचे होते की मागे एकदा खांबाला एरंडेल चोळणाऱ्यालाही ते उठले होते. दुसरे पोलिसातून निवृत्त झालेले जमादारसाहेब. सगळा जन्म अंमलदारांसाठी उठण्यात गेलेला, त्यामुळं जरा कुठं आवाज झाला की ते आपोआप ताठ उभे राहायचे. म्हणजे फेट्याचा निकाल आला गफारवर.

पहिला गडी चढला, उतरला. दोघे उठले. गफार बसून.

"कडक माणूस हाय," गर्दी कुजबुजली.

दुसरा झाला, तिसरा झाला. गफार बसूनच. आता त्याचा दरारा वाढायला लागला. कालपर्यंत त्याला गप्प बसवणारी माणसं म्हणायला लागली, "नजर बघ त्याची. असातसा पंच उठत नसतो." गफारनं चेहरा शक्य तितका कठोर ठेवला होता. कळ आली की चेहरा आणखी कठोर व्हायचा.

याचा परिणाम भलताच झाला. साध्या खेळाला पंच उठत नाही म्हटल्यावर प्रत्येक जण जिवावरचे खेळ करायला लागला. तेरचाच बिराप्पा बोंडावर एका हातावर उलटा झाला, तसाच फिरला, आणि खाली मातीत असा आला की त्याच्या कोपराचं सालटं निघालं. तो रक्त पुसत बाजेपुढं आला.

"चाचा, आता तरी उठा की."

"पंजा ताणला न्हाईस," गफार म्हणाला. गावचा फेटा आपल्याच हातानं घालवताना त्याचा जीव तीळतीळ तुटत होता.

"गावच्याला बी सोडंना," लोक म्हणाले. "असा पंच निजाम सरकारला मिळायचा न्हाय." महालिंगप्पांना एवढा आदर दाटून आला की त्यांनी पंचाला थंडी वाजू नये म्हणून बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी आणून ठेवली.

शेवटी लिंबाजी आला. त्यानं खांबाला हात लावला, कपाळाला लावला आणि चढला. गफार वर्षानुवर्षं मल्लखांब बघत आला होता, पण असं त्यानं बघितलं नव्हतं. वेल वर चढावा तसा पोरगा चढला. बोंडावर पोट टेकवून तो आडवा तरंगला, तिथून सुटला, मधेच मांडीच्या अढीवर थांबला, आणि हलगीसुद्धा वाजायची थांबली. मग तो उतरला. एकाच पायावर उतरला. डावा पाय त्यानं अलगद मागाहून टेकवला.

"एकाच पायावर उतरतोय व्हय कुनी?" गर्दीतला एक ओरडला. "चूक हाय ती."

गफारनं तो डावा पाय बघितला आणि त्याच्या रजईखालच्या डाव्या पायाला सगळं कळलं. घोटा वाचवत कसं टेकायचं हे सकाळपासून तोही शिकत होता. वर्ष झालं तरी पोराचा पाय धरत होता, आणि आपण त्याला नाटक म्हटलं होतं. गफारला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

महालिंगप्पा डोळे पुसत उठले. जमादारसाहेब सलाम ठोकून उठले. गफारनं मनापासून उठायचं ठरवलं, बाजेच्या कडेच्या लाकडाला धरून जोर लावला आणि पुन्हा बसला. पाय भार घेईना.

"बघा, बघा," धाराशिवकर खवळले. "जुना डाव काढायलाय. आमच्यासाठीच बसलाय त्यो."

"आरं बाबांनो," शेवटी गफारच्या तोंडून खरं निघालं, "मला उठायचंय. पर माजा घोटा मुरगळलाय."

मग मागून कुणीतरी म्हणालं, "नाटक."

सगळ्या जत्रेनं ते उचललं. आता धाराशिव आणि तेर असा भेदच राहिला नाही. गफारनं रजई बाजूला करून पाय दाखवला, तर पुढचे म्हणाले, "हळद फासून आलाय. तयारीच करून आलाय." एकानं सुजेवर शंका काढली. दुसरा म्हणाला, खरं दुखणारा माणूस असं बोलत नसतो, त्याची बोबडी वळती. गफार बोलायचा थांबला, तर तोच म्हणाला, "आता बघा, सांगितल्यावर गप झाला."

या गोंधळात गफारच्या नाकाला एक वास आला. कापूस जळण्याचा वास पिंजाऱ्याला झोपेतही कळतो. बाजूला सारलेली रजई एका कडेनं शेगडीवर लोंबत होती. तिचा कापूस धुमसत धुमसत सुंभाच्या विणीपर्यंत पोचला होता, आणि त्या विणीच्या वर गफार बसला होता.

गफार उठला. नुसता उठला नाही, दोन्ही पायांवर हातभर उडाला.

"पंच उठला," आरोळी झाली. हलगी कडाडली. फेटा लिंबाजीच्या डोक्यावर गेला. आणि त्याच वेळी गफार "या अल्ला" म्हणून घोटा धरून मातीत आडवा झाला. तिकडं कुणाचं फारसं लक्ष नव्हतं. ज्यांचं होतं ते म्हणाले, आता उठून दाखवल्यावर कशाला उगीच.

संध्याकाळी गफारच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. दोन्ही गावांची मंडळी पाय बघायला आली होती आणि बघून झाल्यावर चर्चेला बसली होती. कुणी म्हणे, सूज खरी पण कळ खोटी. कुणी म्हणे, उडाला तेव्हा पंजा किती सरळ होता. बिराप्पा कोपराला चिंधी बांधून बसला होता. त्याचं मत होतं की चाचांनी पडण्यात घाई केली. गफार कापसाच्या ढिगाला टेकून ऐकत होता. आपणही खालून असंच बोलत आलो, हे त्याला आता एकेका शब्दाला आठवत होतं. नवा फेटा बांधलेला लिंबाजी कोपऱ्यात गप्प बसला होता.

दुसऱ्यांदा चहा करून अन्वरी वैतागली होती. घरातला गूळ संपला. ती दारात येऊन उभी राहिली.

"असं किती वेळ चालायचं? तुमच्या गावची रीत हाय न्हवं? यांचं दुखणं ज्याला खरं वाटतं त्यानं उठावं."

मंडळी एकमेकांकडं बघायला लागली. घरातल्या बाईसमोर नाही कसं म्हणायचं? आधी महालिंगप्पा उठले. जमादारसाहेब उठलेलेच होते. मग जलील, मग बिराप्पा, मग सगळेच उठले.

"आता उठलाच हाव," अन्वरी म्हणाली, "तर दिवे लागायच्या आत घरी जावा. रॉकेल मिळंना झालंय."

मंडळी वहाणा शोधत निघाली. घर रिकामं झालं. कोपऱ्यात लिंबाजी तेवढा बसून राहिला होता.

गफारचा चेहरा उतरला. सगळ्या गावानं खोटं म्हटलं त्याचं त्याला काही नव्हतं. पण हा एक उठायला हवा होता.

"तुला खरं वाटंना व्हय रं?" त्यानं विचारलं.

"वाटतं की चाचा," लिंबाजी ओशाळून म्हणाला. "तुमी तट्टावरनं बाजेवर उतरला तवाच वाटलं व्हतं. पर थंडीत लई वेळ बसलो की माजा पाय धरतो. मागच्या सालापासनं. एकदम उठाया येत न्हाय."

गफारनं हात लांब करून सकाळचा तो खांब धरला, दातावर दात आवळले आणि एका पायावर हळूहळू वर आला. धोतर कापसानं माखलं होतं, पाय थरथरत होता, तरी तो पुरता उभा राहिला आणि लिंबाजीकडं बघत तसाच थांबला.

लिंबाजीला आधी कळलं नाही. मग कळलं. त्यानं डोक्यावरचा फेटा नीट केला आणि खाली बघत हळूच म्हणाला, "पंच उठला."

"बसा आता दोघंबी," आतून अन्वरी म्हणाली. "उखळ अजून तिथंच हाय."