समोरची खुर्ची

दौलततात्या सिनेमाला गेले की पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात, अगदी भिंतीला खेटून बसत. थेटर निम्मं रिकामं असलं तरी तिथंच. तिथून पडद्यावरची माणसं लांबोडकी आणि हडकुळी दिसायची, आणि बाहेर आल्यावर हे गृहस्थ त्याचाच डांगोरा पिटायचे. "नट काय त्यो, उदबत्तीगत हाय. आमचे अण्णा दारातनं आत याचे तर चौकट भरायची."

"तात्या, मधे बसत जा की जरा," मी एकदा म्हटलं.

"समोरनं कुनीबी बगंल, मास्तर. मानूस कडंनं बगावा. कडंनं खोटं लपत न्हाई."

मी तर कपाळाला हात लावला.

मी तेव्हा सांगलीच्या शाळेत मास्तर होतो आणि एका साप्ताहिकात सिनेमांवर लिहायचो. त्याचे पैसे मिळत नसत, फुकटचा पास मिळे आणि मिजास मिळे. दौलततात्या माझ्यासमोरच्या खोलीत राहायचे, एकटेच. हळदीच्या एका वखारीत दोरी आणि कप्पीवर पोती माळ्यावर चढवायचं काम करायचे, त्यामुळं त्यांचे तळहात बारा महिने पिवळे. पण ओळख करून देताना हळदीचं नाव नाही. "आमी नाटकवाले," म्हणायचे.

ते खोटं नव्हतं. म्हसवडच्या जत्रेला एक नाटक कंपनी आली होती, तिच्याबरोबर हे घर सोडून निघाले ते अठरा वर्षं तिच्यातच होते. कंपनी चालायची अण्णांच्या जिवावर. अण्णा म्हणजे तिचे मुख्य नट, आणि तात्यांचा देव. पुढं बोलपट आले, कंपनी बसली, अण्णा साताऱ्याला लेकीकडं गेले आणि तात्या हळदीत आले.

आणि लढाईच्या दिवसांत कंपनीच्या गाजलेल्या नाटकावरच, 'उंबरठ्याची शपथ'वरच, सिनेमा निघाला आणि सांगलीत लागला. अण्णांचं काम दुसऱ्याच नटाला दिलेलं. तिथून आमच्या आळीची झोप उडाली.

गोष्ट साधी आहे. बाप पोराला घराबाहेर काढतो आणि या उंबऱ्यात पाऊल ठेवू देणार नाही अशी शपथ घेतो. शेवटी पोरगा वारतो आणि त्यानं मरताना लिहिलेली चिठ्ठी येते. नाटकात बाप ती वाचतो आणि नुसता उभा राहतो. एक शब्द नाही. हातातून चिठ्ठी गळते आणि पडदा पडतो. सिनेमात मात्र चिठ्ठीतली अक्षरं भाकरीएवढी मोठी करून दाखवली होती. वर पोराचा आवाज, मागं सारंगी, आणि मग बाप हमसून हमसून रडतो. मी लिहून टाकलं, 'चित्रपटाने नाटकाला केव्हाच मागे टाकले आहे.'

तात्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी ते न्हाव्याकडून वाचून घेतलं आणि तो अंक घेऊनच चहाच्या हॉटेलात माझ्यासमोर येऊन बसले.

"ह्ये तुमी लिवलंय?"

"हो."

"चिठ्ठी कशाला दावायची? चिठ्ठी काय, तलाठ्याकडं बी असती. मानूस दावावा."

त्यानंतर रोज हेच. सिनेमातला पाऊस खरा होता म्हणून तो वाईट. नाटकात सुपात वाटाणे घोळवून केलेला पाऊस कसा काळजात पडायचा. सिनेमातल्या बापाला कधी खोकला येत नाही, कधी त्याचा घसा बसत नाही. "काल जितं रडला, आज बी तितंच रडला. उद्या जाऊन बगा, तितंच रडंल. जित्या मानसाचं लक्षन हाय का हे?" हॉटेलातली माणसं मान डोलवायची. माझ्या लेखाला आळीत कुत्रं विचारेना. मला चीड येत होती, आणि खरं सांगायचं तर म्हातारा बोलतो त्यात तथ्य आहे याची जास्त येत होती.

एक दिवस दहाबारा जणांत मी त्यांना अडवलं. "तात्या, चिठ्ठी वाचल्यावर अण्णा तोंड कसं करायचे, तेवढं करून दाखवा."

तात्यांनी ओठाशी नेलेली बशी परत खाली आणली.

"डोळे मिटायचे की उघडे ठेवायचे? ओठ हलायचे का?"

"त्ये आता..." ते थांबले. "मी कडंला असायचो, मास्तर. पडद्याची दोरी धरून. अण्णांचं तोंड लोकांकडं. मला पाठ दिसायची आनि डावा हात. हातातनं चिठ्ठी सुटली की मी पडदा सोडायचा."

"म्हणजे अठरा वर्षांत तुम्ही नाटक पाहिलंच नाही?"

"समोरनं न्हाई."

हॉटेल हसलं. सगळ्यात आधी मी हसलो, ते लपवून काय करू? तात्यांनी बशी खाली ठेवली आणि उठून गेले. चहा तसाच होता. घरी जाऊन मी ही मर्दुमकी बायकोला सांगितली. ती म्हणाली, "मोठाच पराक्रम केलात," आणि रात्रीचं जेवण होईपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी तात्या माझ्या दारात उभे. राग नाही, काही नाही.

"मास्तर, अण्णांचा एक खेळ लावायचा म्हंतो. एकदा समोर बसून बगतो. मग तुमी म्हनाल त्ये खरं."

मला नाही म्हणायला तोंड नव्हतं. आम्ही दोघं साताऱ्याला गेलो. अण्णा ओसरीवर पडून होते. दम्यानं छाती भरलेली, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. लेक म्हणाली, "यांना कुठं नेताय आता?" पण अण्णा उठून बसले. "दौलत समोर बसणार? मग येतो. अठरा वर्षं याला पाठच दाखवली." मग तात्यांना म्हणाले, "मला समोरचं सगळं धुकट दिसतं रे. तू लाल पटका बांधून बस. लाल तेवढं कळतं. म्हणजे तू कुठं आहेस ते मला दिसेल."

बाकीची पात्रं गावातूनच जमवली. आईचं काम आमच्या ड्रॉइंग मास्तरांनी घेतलं. राहिला प्रश्न पडदा ओढायचा. मी म्हटलं, मी ओढतो. दोरी तर ओढायची, त्यात काय आहे? तात्यांनी आठ दिवस वखारीत पोत्यावर माझा सराव घेतला. "हातात फडकं धरा. दोरी सोडायची न्हाई, तिला जाऊ द्याचं. घाबरला की ती वळखती." माझ्या तळहाताची सालटी निघाली.

लढाईमुळं बत्त्यांना रॉकेल मिळत नव्हतं म्हणून खेळ रविवारी दुपारी, शाळेच्या हॉलमध्ये ठेवला. तात्या उसना कोट घालून आणि लाल पटका बांधून आले, आणि पहिल्या रांगेत बरोबर मधल्या खुर्चीत बसले. हात कुठं ठेवावेत ते त्यांना समजेना. आधी मांडीवर ठेवले, मग काखेत घातले. पहिला अंक सुरू झाला. मी विंगेत दोरीपाशी उभा होतो, मला तात्या दिसत होते. त्यांचं तोंड उघडं होतं. अण्णा थकले होते, दोनदा वाक्य विसरले, पण तात्यांची मान प्रत्येक शब्दाला हलत होती.

अंकाच्या शेवटी बाप पोराला बाहेर काढून, शपथ घेऊन आत निघून जातो, आणि उंबऱ्यावर आई एकटी उरते. तिथं पडदा. मी दोरी सोडली. पडद्याची एक बाजू सरसर खाली आली, दुसरी वरच अडकली. पडद्याच्या तळच्या, तिरक्या झालेल्या बांबूखाली ड्रॉइंग मास्तर पदर डोळ्याला लावून उभे. मी घाबरून ओढली, तर खाली आलेली बाजूही वर गेली. पोरं शिट्ट्या मारायला लागली. मागून कुणीतरी ओरडलं, "मास्तर, घंटा द्या."

तेवढ्यात माझ्या हाताशेजारी एक पिवळा हात दोरीवर आला.

"सोडा," तात्या म्हणाले. त्यांनी दोरीला एकदा हिसका दिला, ऐकल्यासारखं केलं आणि पडदा सावकाश सरळ खाली उतरवला. मला एक वाकडा शब्द बोलले नाहीत. उलट म्हणाले, "कप्पी जुनी हाय. तुमचा दोष न्हाई."

"तात्या, तुम्ही जाऊन बसा. आता मी नीट ओढतो."

पडद्याच्या फटीतून त्यांनी आपल्या खुर्चीकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. "आनि शेवटाला अडकला तर? चिठ्ठी पडल्यावर अण्णास्नी करायला काय न्हाई उरत. म्हातारा मानूस तितं तसाच उभा ऱ्हाईल, आनि लोक हसतील."

त्यांनी कोट काढून खुंटीला लावला, डोक्यावरचा पटका उतरवला आणि माझ्या डोक्यावर ठेवला.

"तुमी बसा माज्या जाग्यावर. अण्णास्नी लाल दिसाया पायजे."

मास्तर पटका घालून पहिल्या रांगेत बसलेले बघून पोरांनी पुन्हा धुमाकूळ घातला. पुढचे दोन अंक मी मान खाली घालून बसलो. शेवटी चिठ्ठी आली. अण्णांनी ती वाचली आणि वर बघितलं, थेट माझ्याकडं. म्हणजे पटक्याकडं. त्यांनी डोळे मिटले नाहीत. ओठही हलले नाहीत. ज्यानं सगळं ऐकलंय आणि ज्याला आता कुणाला काही सांगायचं उरलं नाही, असा तो चेहरा होता. हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. मी तोवर पन्नास-साठ सिनेमांवर लिहिलं होतं. त्या सगळ्या लिहिण्याची मला तिथं बसल्या बसल्या शरम वाटली. ते बघायचा हक्क माझा नव्हता.

चिठ्ठी गळली. पडदा आला.

मी आत धावलो आणि पटका तात्यांच्या हातात दिला. त्यांनी तो घाईनं बांधला, कोट चढवला आणि मला हळूच म्हणाले, "अण्णास्नी सांगू नका." मग पुढून आल्यासारखे फिरून रंगपटात शिरले. अण्णा पेटीवर बसून धापा टाकत होते.

"दौलत, बघितलंस?"

"बगितलं, अण्णा."

"कसा झाला?"

"लय बेस. सिनेमात न्हाई तसलं."

अण्णा लहान मुलासारखे खूश झाले. थोडा दम खाल्ल्यावर म्हणाले, "आणि पडदा कुणी टाकला रे?"

तात्यांनी माझ्याकडं बोट केलं, मग अण्णांना दिसत नाही हे ध्यानात येऊन बोलले, "मास्तरांनी."

अण्णांनी चाचपडत माझा हात शोधला आणि दोन्ही हातांत घेतला. "मास्तर, असा पडदा आजवर मला एकाच माणसानं टाकून दिला. तुम्ही दुसरे."

तात्या शेजारीच उभे होते. मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी मान हलवून नको म्हटलं.

"तात्यांनी शिकवलं," मी म्हणालो.

"मग बरोबर," अण्णा म्हणाले.

तात्या खाली वाकून अण्णांच्या पायांत वहाणा घालत होते. "चला अण्णा," ते म्हणाले, "मोटार सुटंल."