पात्रतेआधीचा स्पर्श

तिसऱ्या मजल्यावरच्या जोडप्यात कोणताही वाद नव्हता. वाद घालायला निदान समोरासमोर बसावे लागते. नवरा लिफ्ट तपासनीस होता. शहरातल्या लिफ्ट माणसांना सुखरूप वरखाली नेतात की नाही, हे पाहून तो दाखला देई. बायको पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करी आणि पाण्यात काय नसावे हे तिला तोंडपाठ होते. दोघे एकाच पलंगावर झोपत, पण मधे एवढी जागा सोडत की तिथे धुतलेले कपडे घड्या करून ठेवता येत. हल्ली ते तिथेच ठेवले जात.

शेवटचा सहेतुक स्पर्श कधी झाला, हे दोघांनाही सांगता आले नसते. नवऱ्याला तो प्रश्न पडत नसे. बायकोला पडे. तिला नवऱ्याचा हात हवा होता. एवढी साधी मागणी कोणाकडे करायची असते हे तिला ठाऊक नव्हते, म्हणून ती नणंदेकडे गेली.

नणंद औषधांचे दुकान चालवी, त्यामुळे दुखणे ऐकण्याआधीच तिच्याकडे उपाय तयार असे. "वहिनी, प्रेम आहे हो तुमच्यात. ऊर्जा अडलीये," ती म्हणाली. "तंत्राचा वर्ग लावा. पण दादाला प्रेमासाठी म्हणून सांगू नका, घाबरेल. पाठदुखीसाठी म्हणून सांगा."

नवरा पाठदुखीसाठी आला.

वर्ग इमारतीच्याच सभागृहात भरे. शिकवणाऱ्या बाईंना सगळे श्वासताई म्हणत, कारण त्या प्रत्येक वाक्याआधी एक दीर्घ श्वास घेत आणि ऐकणाऱ्यांनाही नकळत घ्यायला लावत. पूर्वी त्या कारखान्यांमधून आग लागल्यावर काय करावे याचे प्रशिक्षण देत असत. दोन्हीकडे तत्त्व एकच, असे त्यांचे म्हणणे होते: गडबडायचे नाही, ढकलाढकली करायची नाही आणि सूचना मिळाल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही.

पहिल्या दिवशी त्या जे बोलल्या ते मात्र खरोखर चांगले होते. तंत्राला देहाची लाज वाटत नाही, सुख हेही ध्यानच आहे आणि त्या ध्यानाचे मूळ समोरच्या माणसाकडे पूर्ण लक्ष देण्यात आहे, असे त्यांनी सांगितले. मग सर्वांना जोडीदाराच्या डोळ्यांत पाहायला लावले. तपासनीस म्हणजे नेमून दिलेले काम मन लावून करणारा माणूस. त्याने बराच वेळ पाहिले आणि हळूच विचारले, "अगं, तुझ्या डाव्या डोळ्यात एक तपकिरी ठिपका आहे. पहिल्यापासून होता का हा?"

बायकोच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

श्वासताईंनी श्वास घेतला. "हे निरीक्षण झालं. आपल्याला दर्शन हवंय." आणि त्यांनी त्या दोघांना एकमेकांकडे पाठ करून बसवले.

साधनेत स्पर्शाची पायरी सर्वांत वरची होती. तिच्याआधी श्वास शुद्ध करायचा, मग आहार, मग खोली आणि मग हेतू. हेतू शुद्ध झाला की नाही हे श्वासताई चेहरा पाहून सांगत, आणि तो सहसा झालेला नसे. तोवर घरात एकमेकांना हात लावणे म्हणजे कच्चे फळ तोडणे. तपासनीसाला हे मनापासून पटले. दाखला मिळेपर्यंत लिफ्टमध्येही माणसे चढवत नाहीत. घरी तो बायकोला वाट देताना भिंतीला चिकटून उभा राहू लागला. बायकोची पंचाईत झाली. ती हात मागायला गेली होती आणि येताजाता लागणारा होता नव्हता तो धक्काही गेला होता.

पाहता पाहता सगळी इमारत वर्गाला येऊ लागली. जे आले नसते त्यांच्या घरी काहीतरी बिनसले आहे, किंवा त्याहून वाईट म्हणजे सगळे सुरळीत आहे, असा बोभाटा झाला असता. व्यवस्था सोसायटीच्या सेक्रेटरीने हाती घेतली. तो अविवाहित असल्यामुळे त्याची साधना सर्वांत पुढे गेलेली होती. जिन्यात जोडप्यांनी एक पायरी सोडून चालावे आणि खोलीत उजेड खेळावा म्हणून दिवसा पडदे उघडे ठेवावेत, असे त्याने ठरवून दिले. चौथ्या मजल्यावरची शिक्षिका अभिमानाने सांगू लागली की आम्ही आता चहाचा कपसुद्धा हातात देत नाही, टेबलावर ठेवतो. ज्या गोष्टीची घरोघरी आजवर लाज वाटत होती, तिला आता प्रगती म्हणू लागले.

तळमजल्यावर एक निवृत्त न्यायाधीश आणि त्यांची बायको राहत. दोघे रोज संध्याकाळी एकमेकांचा हात धरून फिरायला जात. त्यांचा स्पर्श वर्षानुवर्षे विनासंस्कार चालू असल्याचे श्वासताईंनी हळुवारपणे त्यांच्या लक्षात आणून दिले. न्यायाधीश कायदा मानणारे होते. दुसऱ्या दिवसापासून ते पुढे आणि बाई मागे, असे दोघे फिरू लागले. बाईंनी आधाराला काठी घेतली.

अशात एका दुपारी तपासनीस कामावरून लवकर घरी आला. लिफ्टच्या पोलादी दोरावरून हात फिरवला की कुठे तार तुटली आहे ते कळते. त्यासाठी हातात जाड फडके धरावे लागते. त्या दिवशी तो हेतू शुद्ध करण्यात इतका गढून गेला की फडके विसरला, आणि तारेचा तुकडा तळहातात घुसला. उजव्याच. त्याने दारातूनच बायकोला चिमटा टेबलावर ठेवायला सांगितले आणि डाव्या हाताने तार काढू लागला. ती आणखी आत गेली.

"अहो, द्या इकडे," बायको म्हणाली.

"अगं, पण आपला हेतू अजून..."

"हात द्या."

तिने त्याला खिडकीशी बसवले, एका हातात भिंग धरले आणि एरवी ज्या एकाग्रतेने पाण्यातला गाळ पाही त्याच एकाग्रतेने ती त्याचा तळहात पाहू लागली. तो कळवळला की ती थांबे, फुंकर घाली, पुन्हा सुरू करी. तार निघाली. तिने ती बशीत ठेवली, जखम धुतली, औषध लावले. मग दोघांच्याही लक्षात आले की काम संपले आहे. कथेपुरते एवढेच सांगणे पुरे की पलंगाच्या मधोमध ठेवलेल्या घड्या त्या दुपारी जमिनीवर गेल्या.

पडदे नियमानुसार उघडे होते. समोरच्या गॅलरीत श्वास शुद्ध करत बसलेल्या सेक्रेटरीने घड्या पडताना पाहिल्या.

दुसऱ्याच दिवशी सभागृहात सुनावणी झाली. विवाहित जोडपे विवाहित जोडप्यासारखे वागले, अशी तक्रार होती. नणंद शरमेने मागच्या रांगेत बसली. श्वासताई कठोर नव्हत्या. स्पर्श चुकून झाला असे दोघांनी कबूल केले तर त्यांना पहिल्या पायरीवरून पुन्हा सुरुवात करता येईल, असे त्या म्हणाल्या. बायकोला शिक्षेची भीती नव्हती. नवरा आता "चुकून" म्हणेल, याची होती. त्याने उभ्या जन्मात एकही नियम मोडला नव्हता.

श्वासताईंनी श्वास घेतला. "हात का धरलात?"

"तार काढायची होती," बायको म्हणाली.

"आणि तार निघाल्यावर?"

सगळे तपासनीसाकडे पाहू लागले. तो उभा राहिला, पट्टी बांधलेला हात त्याने आधी पाठीमागे नेला आणि मग पुढे आणला.

"निघाल्यावर सोडायचा राहून गेला," तो म्हणाला. "चुकून नाही. मला सोडवेना."

दोघांना वर्गातून काढून टाकण्यात आले. इमारतीने फार हळहळ व्यक्त केली. एवढी शिकलेली माणसे आणि मनावर ताबा नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांची बेल वाजली. दारात न्यायाधीश उभे होते. आपल्या बायकोच्या बोटात काहीतरी गेल्यासारखे वाटते आहे, दिसत काही नाही, पण चिमटा मिळाला तर बरे होईल, असे ते म्हणाले. पाठोपाठ शिक्षिका आली. आठवडाभरात इमारतीत अशी एकही व्यक्ती उरली नाही जिला काही टोचलेले नव्हते.

इतका मोठा प्रकार मोकाट सोडणे श्वासताईंना परवडण्यासारखे नव्हते. त्यांनी तार अभ्यासक्रमात घेतली. आता ती बोथट करून, निर्जंतुक करून, पात्र साधकांनाच दिली जाते. ती जोडीदाराने डोळे मिटून आणि हात न लावता काढायची असते. चिमटे नणंदेच्या दुकानात मिळतात.

वर्गाचा पत्ता इथे मुद्दाम दिलेला नाही. तुम्हाला तो नकोच आहे, तुम्ही तसे नाही. फार तर हे आपल्या माणसाने वाचावे असे तुम्हाला वाटेल, कारण त्यांचे वागणे अगदी असेच आहे. मग तुम्ही या पानाचा फोटो काढाल आणि त्यांना पाठवाल. शेजारच्या खोलीत त्यांचा फोन वाजेल. तुम्हाला तो ऐकूही येईल.