व्हेनिस व्हॅलीतलं अंतर्गत स्थलांतर

रस्त्यापलीकडच्या रसवंतीच्या बाकड्यावर बसून जागृती दुर्बिणीतून दुसऱ्यांचे कपडे मोजत होती. रसवंतीवाला बराच वेळ तिच्याकडे बघत होता. शेवटी त्याला राहवेना.

"ताई, पाखरं तिकडं झाडावर हायत. ती बिल्डिंग हाय."

"मी वस्ती मोजतेय, काका."

"दुर्बिणीतनं?" त्याने चरकात ऊस घातला. शनिवार-रविवार मुंबईहून नाना तऱ्हेची माणसं इकडे येतात, त्यातलीच ही एक, असं त्याने ठरवून टाकलं असावं.

जागृती मुंबईची नव्हती, भिसेगावची होती. संख्याशास्त्रात एमएस्सी झाल्यावर ती मुंबईतल्या एका प्रादेशिक नियोजनाच्या संशोधन संस्थेत करारावर लागली होती. कर्जत-खालापूर पट्ट्यातली घरं, स्थलांतर आणि समुदायाची वाढ असा प्रकल्पाचा विषय होता. तिच्या वाट्याला खालापूर तालुक्यातलं 'व्हेनिस व्हॅली' हे डोंगराच्या कुशीतलं गृहसंकुल आलं होतं. नाव व्हेनिसचं असलं तरी पाणी टँकरने येई. अहवाल चांगला झाला तर जागृतीला संस्थेत कायम करणार होते. नाही झाला, तर 'आमची पोरगी पर्मनंट झाली' ही आईने भिसेगावात आधीच पसरवलेली बातमी मागे घ्यावी लागणार होती, आणि आईने आजवर एकही बातमी मागे घेतली नव्हती.

सरळ दारोदार फिरावं म्हणून ती पहिल्यांदा गेटवर गेली, तेव्हा लडकू वॉचमनने तिला अडवलं होतं.

"कुनाकडं जायचंय?"

"कुणाकडेही. सर्वेक्षण आहे."

"कुनाकडंबी जायला परवानगी नाय. एकाकडं जायाचं तर त्याचा फोन आला पायजे."

"मग मला एखाद्याचा नंबर द्या. मी त्यांना फोन करायला सांगते."

"नंबर द्यायला त्यांची परवानगी पायजे."

"ती कशी घ्यायची?"

"त्यांना भेटून," लडकूने शांतपणे सांगितलं आणि गेटचा आडवा दांडा खाली केला.

सायन्स शिकलेलं माणूस दांड्याने थांबत नाही. जिथे वस्तू दिसत नाही तिथे तिच्या खुणा मोजायच्या, हे जागृतीला ठाऊक होतं. गॅलरीत वाळत घातलेला कपडा ही माणसाची खूण. तिने नियम बसवले. टॉवेल धरायचा नाही, तो घरात कुणीही वापरतो. पँट म्हणजे एक माणूस, साडी म्हणजे एक बाई, झगा म्हणजे एक मूल. संस्थेचे संचालक डॉ. जगदीश उपासनी यांना ही पद्धत इतकी आवडली, की त्यांनी तिला 'वस्त्र-निर्देशांक' असं नाव दिलं आणि दुसऱ्या दिवसापासून ती आपलीच असल्यासारखे बोलू लागले.

निरीक्षणं मात्र चमत्कारिक होती. आठवडाभर दोऱ्या रिकाम्या आणि शनिवार-रविवारी गच्च. याचा अर्थ सोपा होता: मंडळी आठवडाभर नोकरीत आणि धुणं सुट्टीच्या दिवशी. पण ए विंगमध्ये दिसलेला पिवळा झगा पुढच्या शनिवारी डी विंगमध्ये दिसला. त्याच्या शेजारची पट्ट्यापट्ट्यांची बर्म्युडा आणि जांभळी साडीही त्याच्यासोबत गेली होती. एकाच दुकानातले दोन झगे असतील, अशी शंका जागृतीने आधी स्वतःच घेतली. पण खिशावरचा शाईचा डाग दोन्हीकडे होता. म्हणजे झगा तोच. म्हणजे मूल तेच. म्हणजे कुटुंबाने घर बदललं. आणखी एका शनिवारी ते बी विंगमध्ये गेलं.

तिने सरांना फोन केला.

"जागृती!" उपासनी सरांचा आवाज कापत होता. "एकाच संकुलात घरं बदलत फिरणारी कुटुंबं! अंतर्गत स्थलांतर! अगं, असं जगात कुणी पाहिलेलं नाही!"

हे अक्षरशः खरं होतं.

सरांनी शोधनिबंध लिहिला. तो एका परिषदेत गाजला. तिथून तो कसा कोण जाणे, व्हेनिस व्हॅलीचा विक्री व्यवस्थापक केतन याच्या हाती लागला, आणि महिन्याभरात हायवेवर बोर्ड झळकला: 'संशोधनाने सिद्ध! इथे आलेलं कुटुंब इथून जात नाही. फक्त विंग बदलतं!' तो बोर्ड नियोजन खात्यातल्या वरिष्ठ अधिकारी संध्या कर्णिक यांनी जाता-येता वाचला आणि त्यांनी संस्थेला कळवलं, की ही कुटुंबं मला प्रत्यक्ष भेटायची आहेत.

"येत्या शनिवारी येतोय आम्ही," सर म्हणाले. "पाच-सहा कुटुंबं तयार ठेव. बाई खूश झाल्या, की तुला कायम करण्याच्या पत्रावर तिथेच सही करतो."

आता दुसऱ्याच दिवशी, रविवारी, आत जाणं भाग होतं. या वेळी जागृतीने गेटवर 'फ्लॅट बघायचाय' एवढंच सांगितलं. लडकूने तिला ओळखलं, पण गिऱ्हाइकाला अडवायची त्याला मनाई होती. दांडा सलाम केल्यासारखा वर गेला.

डी विंगच्या तिसऱ्या मजल्यावर एक दार उघडं दिसलं. आत फर्निचर नव्हतं, पडदे नव्हते, माणूस नव्हतं. गॅलरीत एक बाई बादलीतून पिवळा झगा काढून दोरीवर टाकत होती.

"मावशी, हा झगा कुणाचा?"

"केतनदादाचा."

"केतनदादा झगा घालतात?"

"तो कशाला घालतोय गं बाय!" बाई फिदीफिदी हसली. तिचं नाव ठकूबाई. मागच्या डोंगरातल्या करवंदवाडीहून ती इथे साफसफाईला येई. "शनवार-रविवार गिऱ्हाईक येतं. बिल्डिंग रिकामी दिसली तं पळतं. म्हनून केतनदादानी बाजारातनं एक गठुडं आनलंय कापडांचं. ह्या शनवारी ह्या इंगेत, फुडल्या शनवारी त्या इंगेत. समद्या इंगेत घालाया कापडं कुठनं आनायची?"

"आणि हे ओले का?"

"पयलं सुकेच टाकायची. मंग एक गिऱ्हाईक म्हनलं, चार तास झालं, कापडं काडीत कशी नाय कोन? तवापास्नं भिजवून टाकते. टपकाय पायजे, म्हनतो दादा. टपकलं की इश्वास बसतो."

"म्हणजे इथे राहतं कोण?"

"दिसभर मी. गेटावर लडकू." ठकूबाईने थोडा विचार केला. "नि एक मांजर हाय, पन ती सी इंगेतच असते. ती नाय हलत."

अंतर्गत स्थलांतर न करणारी तेवढी एकच रहिवासी निघाली. जागृती जिन्यात बसली आणि तिने सरांना फोन लावला.

"सर, एक चूक झालीय. इथे माणसंच नाहीत."

"नाहीत म्हणजे आपल्या व्याख्येत बसत नाहीत का?"

"व्याख्येत नाही सर, घरात नाहीत. नुसते कपडे आहेत."

"जागृती," सर म्हणाले, "शोधनिबंध छापून आलाय. आता तो बदलता येत नाही. वस्तुस्थिती अजून छापली गेलेली नाही. त्यामुळे जे काही बदलायचं, ते तिथे बदल." आणि त्यांनी फोन ठेवला.

ती तडक केतनच्या केबिनमध्ये गेली. खरं तर ती भांडायला गेली होती, पण केतनच तिच्यापेक्षा जास्त घाबरला.

"मॅडम, तुम्ही असं कसं लिहिलंत? मी तुमच्या भरवशावर बोर्ड लावला!"

"आणि मी तुमच्या कपड्यांच्या भरवशावर लिहिलं!"

"कर्णिक मॅडमना कळलं तर परवानग्या अडकतील हो माझ्या."

"माझी नोकरी अडकलीये."

दारात ठकूबाई रिकामी बादली घेऊन उभी होती.

"मानसंच पायजेत ना?" ती म्हणाली. "आमच्या वाडीत रग्गड हायत. पन शनवारी येऊन शनवारी जायाचं नाय जमायचं. राहायचं तं राहिल्यावानी राहू. शुक्कीरवारपास्नं. जेवान तुमचं, पंखं चालू, नि लिफ्ट पोरांना पायजे तवडी खेळू द्याची."

"लिफ्ट फक्त सॅम्पल फ्लॅटच्या विंगेत चालते," केतन पुटपुटला.

"मंग त्याच इंगेत राहू."

शनिवारी संध्या कर्णिक आल्या तेव्हा ए विंग नांदती होती. पोरं लिफ्टने वर जाऊन जिन्याने खाली येत होती आणि पुन्हा वर जात होती. एका खोलीतून सुक्या बोंबलाचा वास येत होता. ठकूबाईची जाऊ सुंदरा संगमरवरी ओट्यावर बसून भाजी निवडत होती. उपासनी सरांनी जागृतीकडे असं पाहिलं, जणू ही सगळी माणसं तिनेच घडवली होती.

ठकूबाईचा भाऊ श्रीपत पलंगावर सॅम्पल फ्लॅटच्या गादीचं प्लॅस्टिक न काढता बसला होता. कर्णिक बाईंनी त्याला नमस्कार केला.

"तुम्ही इथे कुठून आलात?"

जागृतीने त्याला 'खोपोलीहून' असं सांगायला पढवलं होतं. श्रीपत खोटं बोलताना अडखळायचा, म्हणून त्याने न अडखळता खरं सांगितलं.

"हितूनच."

"म्हणजे?"

"पयलं आमी हितंच राहायचो. ह्या पलंगाच्या खाली, समजा. मंग बिल्डिंग आली, आमाला डोंगराकडं सारला. आता वर आलोय."

केतनने डोळे मिटले. जागृतीला वाटलं, संपलं. आईला आता आयुष्यातली पहिली बातमी मागे घ्यावी लागणार.

"उभं स्थलांतर!" उपासनी सर ओरडले. "मॅडम, लक्षात घ्या! आजवर आपण माणूस गावातून शहरात जातो म्हणायचो. हा माणूस त्याच जागेवर राहून तळमजल्यावरून तिसऱ्या मजल्यावर गेला! अक्षांश तोच, रेखांश तोच!"

"कमाल आहे," कर्णिक बाई म्हणाल्या, आणि त्या मनापासून म्हणाल्या. "आणि बाकी काही अडचणी?"

"पानी नाय," सुंदरा ओट्यावरून म्हणाली.

"ते वाडीत," केतन घाईने म्हणाला.

"वाडीत नळ नाय. हितं नळ हाय, पानी नाय."

बाईंनी दोन्ही गोष्टी टिपून घेतल्या. जिन्यातच उपासनी सरांनी खिशातून पेन काढलं आणि भिंतीवर कागद धरून जागृतीच्या पत्रावर सही केली. भिसेगावातली बातमी काही महिने उशिरा का होईना, खरी झाली.

यानंतर सगळं फार वेगाने वाढलं. कर्णिक बाईंनी 'उभ्या स्थलांतराचा' अभ्यास साऱ्या कर्जत-खालापूर पट्ट्यात करायला सांगितलं, शिवाय डोंगरातल्या ज्या वाड्यांना नळ नाहीत त्यांची पाहणीही त्यातच घातली. जागृतीच्या हाताखाली दोन मुलं दिली गेली. कमलेश आणि ओमकार यांना तिने लेखी सूचना दिली: दुर्बिणी वापरू नयेत, प्रत्येक दार ठोठावावं, आणि पाहणी शनिवार-रविवारीच करावी, कारण सुट्टीच्या दिवशी माणूस घरी सापडतो. पहिल्यांदाच तिच्या सहीने एखादा आदेश निघत होता. तिने ती सही जरा मोठीच केली.

वाड्या त्यांच्याकडे देऊन ती स्वतः पळसदरीजवळच्या एका नव्या संकुलात गेली. तिथे बाग होती, कारंजं होतं, खिडक्यांतून टीव्हीचे आवाज येत होते. इथे खरीच वस्ती आहे, हे पाहून तिचा जीव भांड्यात पडला. तिने पहिलं दार ठोठावलं.

दार श्रीपतने उघडलं.

"या ताई! बसा. प्लॅस्टिकवर बसू नका, सरकतं."

"तुम्ही इथे?"

"ह्या शनवारी हितं. गेल्या शनवारी चौक गावाच्या बाजूला व्हतो. केतनदादानी साऱ्या बिल्डरांना नंबर दिला ठकीचा. आता तीच ठरावती, कोन कुठं राहायचं त्ये."

ठकूबाई आतून आली. तिच्या कानाला मोबाईल होता. "दोन म्हातारी देते, पन म्हातारी जिना चढायची नाय," असं कुणाला तरी ठणकावून तिने फोन ठेवला आणि जागृतीला बघून तोंड फिरवलं.

"काय झालं मावशी? रागावलात?"

"राग नको यायला? तुजी पोरं आलती वाडीत, गेल्या शनवारी. समद्या दारांना कड्या. एकबी मानूस गावला नाय. लिवून गेली, वाडी ओसाड पडली म्हनून. काल सरपंच सांगत व्हता, ओसाड वाडीला नळ मिळत नाय."

जागृती मटकन प्लॅस्टिकवर बसली आणि सरकली. तिने तिथूनच सरांना फोन केला.

"सर, करवंदवाडी ओसाड नाहीये. माणसं आहेत. ती माझ्यासमोर उभी आहेत."

"पळसदरीत ना? मग वाडीत नाहीत."

"शनिवारी नाहीत सर! सोमवारी असतात!"

"जागृती, सोमवारची पाहणी आपल्या पद्धतीत बसत नाही. आदेश तुझाच आहे. आणि आता तू कायम आहेस, जरा जबाबदारीने वाग." पलीकडे पेन उघडल्याचा आवाज आला. "अख्खी वाडी शनिवारी बाहेरगावी जाते म्हणतेस? म्हणजे त्यांचं वाडीवरचं ते दुसरं घर झालं! यावर एक निबंध होईल."

फोन बंद झाला. ठकूबाई कमरेवर हात ठेवून बघत होती.

"काय म्हनला साहेब?"

"सोमवारी कुणी मोजायला येणार नाही म्हणाले."

"मंग तू ये की गं! तुला काय पाय नाय?"

"सोमवारी मला ऑफिस असतं."

"आमालाबी शनवारी असतं," श्रीपत म्हणाला आणि टीव्हीचा आवाज वाढवला, कारण खाली गिऱ्हाइकाची गाडी येऊन थांबली होती.

रविवारी संध्याकाळी जागृतीने कायम नोकरीतल्या पहिल्या रजेचा अर्ज संस्थेला पाठवला. एक दिवस, सोमवार. कारणाच्या रकान्यापाशी ती थोडा वेळ अडली. आजारपण लिहिणं खोटं ठरलं असतं, आणि घरचं कार्य लिहिलं तर आईने त्याचीही बातमी केली असती. शेवटी तिने जे खरं होतं तेच लिहिलं: 'काम'.

उपासनी सरांनी तो न वाचता मंजूर केला.