शेवटच्या पेपरचे पेढे

परीक्षेचा शेवटचा पेपर सुटला की संध्याकाळी पेढे वाटणारा माणूस तुम्ही पाहिलाय? निकालाचा अजून पत्ता नाही, आणि हा गृहस्थ पुडा घेऊन दारोदार. आमच्या मखमलाबाद रोडच्या कॉलनीनं नव्वदीच्या दशकात हा प्रकार दर वर्षी पाहिला. त्यांचं नाव रंगनाथ, पण लहानथोर सगळे त्यांना नानाच म्हणत. कॉलनीच्या मागेच त्यांचा झेंडू-शेवंतीचा मळा होता, हारही तेच करून द्यायचे.

पहिल्या वर्षी मी तोंडावरच विचारलं, की निकाल अजून लागायचाय, मग हे पेढे कशाचे? मी मुळात फटकळ, मला पोटात ठेवता येत नाही. नाना शांतपणे म्हणाले, "पोरीनं वर्षभर अभ्यास केला, त्याचे. निकाल शाळा लावते. शाळेचे पेढे मी कशाला वाटू?"

आत येऊन मी ह्यांना सांगितलं, माणूस सज्जन आहे, पण एक स्क्रू ढिला आहे. ह्यांनी तोवर दोन पेढे संपवले होते.

खरी गंमत संध्याकाळी असायची. आमच्या दोन घरांत फक्त कुंपण, त्यामुळे सगळं ऐकू यायचं. दिवेलागणीला नाना ओट्यावर बसायचे आणि घरादाराला विचारायचे, "बोला, आज काय चुकलं?" सुरुवात स्वतःपासून. एकदा म्हणे लग्नाचे हार पुढाऱ्याच्या सत्काराला गेले आणि सत्काराचा हार लग्नाला. नवरदेव हारात नाकापर्यंत बुडाला. मग वहिनींची पाळी. त्या रोज एकच चूक सांगायच्या, की तुमच्याशी लग्न केलं. शेवटी सोनाली, त्यांची एकुलती एक लेक. मैत्रिणीला तोडून बोलले, गणितात अधिकचं उणं केलं, असलं काहीबाही. ती काहीही सांगो, ओरडा नाही, उपदेश नाही. नानांचं ठरलेलं वाक्य यायचं, "चुकलं ना? सांगितलं ना? मंग मिटलं." की सगळे जेवायला आत.

हळूहळू आमचा अमितही तिकडे जाऊन बसायला लागला. चाचणीचा पेपर त्यानं कूलरमागे लपवलाय, हे मला कुंपणापलीकडून कळलं. पोर माझ्या पोटचं आणि कबुली शेजाऱ्याकडे! माझा नुसता तिळपापड झाला.

पालकसभेत तर नानांनी कहर केला. वर्गशिक्षक फार कडक, एकेका मुलाच्या चुका पालकांना वाचून दाखवत होते. सोनालीची पाळी आली तेव्हा नाना उठून म्हणाले, पोरीचं काय चुकतं ते आम्हाला रोज कळतं, सर, तुमचं या आठवड्यात काय चुकलं? सर लालबुंद झाले. चष्मा काढून पुसत बसले. मग हळूच म्हणाले, परवा एका मुलाला उगाच मारलं. नाना खाली बसत म्हणाले, "मंग मिटलं." त्यानंतर त्या सरांच्या हातात छडी कुणी पाहिली नाही.

अमित आणि सोनाली एकदमच दहावीला बसले. सोनाली वागायला गुणी, पण गणिताशी तिचं उभं वैर. तेव्हा निकाल मोबाइलवर दिसत नसे, शाळेत जाऊन गुणपत्रिका आणावी लागे. त्या दुपारी अमित नाचतच घरी आला. मी विचारलं, सोनाली कुठंय? तेव्हा त्यानं सांगितलं. तिचं गणित राहिलं होतं. गुणपत्रिका घेऊन ती त्याच्या आधीच सायकलवर निघाली होती, आणि घरी तर पोचली नव्हती.

निकालाच्या दिवशी घरी न परतलेल्या मुलांच्या बातम्या आपण सगळ्यांनीच वाचलेल्या असतात. मी तशीच मळ्याकडे धावले.

नाना झेंडू तोडत होते. मी सांगितलं तसे ते बांधावर खाली बसले. मार्क किती, हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही. "येईल," म्हणाले, "सरळ घरीच येईल." म्हणत होते खरं, पण हातातलं फूल त्यांनी पार चुरगाळून टाकलं होतं. रस्त्यावरची नजर न काढता ते बोलायला लागले.

"मी मॅट्रिकला नापास झालो ना ताई, तवा घरी गेलोच नाय. घोटीला भाताच्या गिरणीत पोती उचलीत राहिलो. येष्टी आली की बघायचो, बाप उतरतो का. नाय उतरला. शेवटी मीच गेलो. आईनं ताट वाढलं. पण बाप त्यावर एक अक्षर बोलला नाय, मरेपर्यंत. रागावला असता तरी चाललं असतं."

एवढा बोलका माणूस, आणि हे इतकी वर्षं कुणापाशी बोलला नव्हता.

तेवढ्यात वळणावर सायकल दिसली. सोनाली ती हातात धरून चालत येत होती, हात वंगणानं काळे झालेले. समोर येऊन उभी राहिली.

"नाना, गणित राहिलं."

"सरळ आलीस ना?"

"सरळच आले. वाटेत चेन तुटली."

नानांनी तिला जवळ घेतलं आणि ते ढसाढसा रडायला लागले. ती बिचारी काळ्या हातांनी त्यांचे डोळे पुसत होती. नापास झालेली पोरगी बापाची समजूत घालत होती, आणि ते बघताना माझेही डोळे भरून आले.

संध्याकाळी कॉलनीत टक्क्यांचा बाजार भरला. ज्याच्या त्याच्या तोंडी आपापल्या मुलाचे मार्क. कुणीतरी न राहवून विचारलं, नाना, सोनालीचं काय झालं? नाना उठून उभे राहिले. बोर्डात आलेल्या मुलाचा बाप बोलला नसता इतक्या ताठ मानेनं म्हणाले,

"गणित राहिलं. ऑक्टोबरला बसंल. पण नापास झालेली माझी पोरगी कुठं गेली नाय, सरळ माझ्याकडं आली."