उठवायचा काटा

एका जंगलात, बाळांनो, शहाण्यांची फार गर्दी होती. तिथंच साळूआक्का नावाची साळिंदर राहायची. ती जंगलाची वैदीण. तिच्याकडं दोन तऱ्हेचे काटे. काळ्याला झोपेच्या मुळीचा रस, पांढऱ्याला उताऱ्याचा. काळा टोचला की हत्तीसुद्धा पेंगायचा. पांढरा टोचला की खडबडून उभा!

एके सकाळी दगडोबा गवा लंगडत आला. पायात शिकाऱ्याचा फास रुतलेला. जखम सडायला लागलेली, पण पायाला कुणाला शिवू देईना.

"आक्का, झोपव मला. पण उठवशील ना गं?"

"फास निघाला की लगेच. शब्द देते."

आक्कानं त्याचं वजन नजरेनं जोखलं आणि काळा काटा टोचला. कुणी विचारलं नाही, कुणी अडवलं नाही. दगडोबा बसल्या जागी पेंगला. तिनं त्याच्या डोळ्यांवर पळसाची पानं ठेवली. मान दगडाला टेकवून उंच केली. झोपेत गवा कुशीवर पडला की पोट फुगतं, पोट फुगलं की श्वास कोंडतो. आक्काला हे पाठ होतं.

फास सुटला. जखम धुऊन झाली. आक्कानं पांढरा काटा उचलला, तेवढ्यात दरबारचा चिटणीस कोल्हा धापा टाकत आला.

"हां हां, आक्का! उठवणं राजेसाहेबांच्या शुभहस्ते व्हायचंय."

"मग बोलवा की त्यांना."

"निघालेत. मिशा विंचरतायत."

"अरे, याचा श्वास मंदावलाय!"

"झोपलाय ना? मग त्याला कसली घाई?"

माकडांनी तोरणं बांधली. मोरानं तीनदा नाचून घेतलं. ऊन डोक्यावर आलं, तेव्हा कुठं वाघोबा आला. एरवी हा दगडोबा दिसला की वाट बदलायचा, बरं का. आज मोठ्या ऐटीत त्याच्या खांद्यावर पंजा ठेवून उभा राहिला.

"हा असा बसलेला बरा दिसत नाही," वाघोबा म्हणाला. "आडवा पाडा. लोळवल्यासारखा दिसू दे."

"नको, राजेसाहेब! मरेल तो!"

"आक्का, मधे बोलू नका," कोल्हा गुरगुरला.

दहा माकडांनी दगडोबाला कुशीवर पाडलं. वाघोबानं पुन्हा खांद्यावर पंजा ठेवला आणि भाषण सुरू केलं. इकडं पोट ढोलासारखं फुगलं. जीभ बाहेर आली, निळी पडली. आक्का दगडोबाचे श्वास मोजत होती. एक आला. दुसरा येईचना.

दिलेला शब्द आठवला आणि शुभहस्ताची वाट न बघता तिनं पांढरा काटा खुपसला.

दगडोबानं एक लांब श्वास ओढला. कान हलवले, डोळ्यांवरची पानं झटकली. उठला, आणि पहिल्यांदा त्याला दिसला खांद्यावरचा पंजा.

राजेसाहेबांनी उरलेलं भाषण झाडावरून केलं.

दुसऱ्या दिवशी निकाल लागला. गव्याला लोळवल्याबद्दल वाघोबाला मानपत्र. परवानगीवाचून उठवल्याबद्दल आक्काचे सगळे पांढरे काटे जप्त, कोल्ह्याच्या ताब्यात.

काळे काटे मात्र तिच्याकडंच राहू दिले.

तात्पर्य: बाळांनो, कुणाला झोपवायचं असेल तर खुशाल झोपवा, जंगलात त्याला कुणाची ना नसते. जागं करायचं असेल तर मात्र आधी अर्ज करा, आणि मंजुरी येईपर्यंत झोपलेल्याला सांगा, श्वास रोखून धर.