चौबळकाकांचं बेट

चंद्राची हजेरी घेणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे चौबळकाका. अंबरनाथच्या एका काड्यापेट्यांच्या कारखान्यात ते टाइमकीपर होते. कामगार फाटकातून शिरला की नावापुढे वेळ टाकायची, आणि भोंग्यानंतर शिरला तर त्याच्याकडे असं बघायचं की दुसऱ्या दिवशी तो भोंग्याआधी हजर व्हावा. तशीच वही आणि तशीच टोक काढलेली पेन्सिल घेऊन ते चंद्रग्रहणाला बसत. चंद्राच्या कडेला पहिला काळा डाग लागला की घड्याळ बघून लिहीत आणि मोठ्याने म्हणत, “आला बघा वेळेवर. याला शिकवावं लागत नाही.”

बदलापुरात आमची दारं समोरासमोर. पंचांगात ग्रहण दिसलं की काका महिनाभर आधी आमच्या ओट्यावर येत. “काय, बेटावर येताय ना?”

ऐकणाऱ्याला वाटावं, आता गलबत हाकारायचं आहे. बेट म्हणजे जांभूळच्या वाटेवर उल्हास नदीच्या मधोमध असलेला खडकाळ उंचवटा. चार म्हशी बसल्या तर पाचवीला जागा नाही. गावातली माणसं त्याला नुसतं ‘खडक’ म्हणत. बेट म्हणणारे काका एकटे.

“घरून नाही का दिसत ग्रहण?” मी पहिल्या खेपेला विचारलं होतं.

“दिसतं हो. बघू कोण देतो? अंगणात उभं राहिलं की शेजारची म्हातारी ओरडणार. तिचं आटपतंय तोवर ‘दे दान, सुटे गिराण’वाले ओरडत येणार. बेटाला चारी बाजूंनी पाणी. ओरडायला पोहत येणार आहे कोणी?”

बेटावरचे नियम कडक होते. कंदील होडीतच विझवायचा. पाठ खडकाला आणि तोंड मुरबाडकडच्या डोंगरांकडे. ग्रहणात खायचं नसतं म्हणून उकडलेल्या शेंगा खायच्याच. आणि बोलायचं नाही. हा शेवटचा नियम काकांना सोडून सगळ्यांना लागू होता. “सावली आहे हो, नुसती सावली! पृथ्वीची. म्हणजे त्यात तुमचीमाझी पण आली,” हे वाक्य एका ग्रहणात मी नऊ वेळा ऐकलं आहे.

आमच्याबरोबर उल्हासनगरच्या कॅम्पातले पोहूमल असत. फाळणीत सिंध सोडून आलेले हे गृहस्थ कारखान्याच्या फाटकाबाहेर पापड विकत. ते डबाभर पापड आणून आम्हाला आग्रह करकरून खायला घालत, स्वतः मात्र ग्रहण सुटेपर्यंत तोंडाला लावत नसत. “आप खाओ, साईं. मेरी अम्मा ने मना किया है.”

“अम्मा असतात कुठे?” मी विचारलं.

“स्वर्ग में. वहां से तो और साफ दिखता है.”

आम्ही तिघं आणि चटया चार. चौथी काकूंची. काका दर ग्रहणाला ती झटकून अंथरत आणि परत येताना तशीच गुंडाळून आणत. काकू कधीच येत नसत. त्या माजघराचं दार लावून आत जप करत बसत. कारण सगळ्या आळीला ठाऊक होतं. महायुद्धाच्या आधी त्यांना एक मुलगी झाली होती. ओठ फाटलेली. अकरा दिवस जगली. गरोदरपणी काकू ग्रहण सुटायच्या आत विळीवर बसल्या, म्हणून असं झालं, असं सासूपासून सुइणीपर्यंत सगळ्यांनी त्यांना सुनावलं. पुन्हा मूल झालं नाही. काकूंनी एकदा डोळ्यांनी ग्रहण बघावं आणि ती केवळ सावली आहे हे त्यांना पटावं, एवढ्यासाठी काकांचा हा सगळा खटाटोप होता. आम्ही आपले जागा भरायला.

मग एका वर्षी त्रिपुरी पौर्णिमेलाच ग्रहण आलं. त्या पौर्णिमेला काकू दरवर्षी मुलीच्या नावाने नदीत दिवा सोडत. चंद्र उगवतोय तोच ग्रहण लागणार होतं, आणि सुटल्याशिवाय दिवा सोडता येत नव्हता. काठावर एकट्या किती वेळ बसणार? काकू होडीत चढल्या. काकांची अशी धांदल उडाली की शेंगांची पिशवी पाण्यात गेली.

“बसते तुमच्याबरोबर. पण बघणार नाही,” काकूंनी आधीच बजावलं. आणि चौथ्या चटईवर चंद्राकडे पाठ करून, डोक्यावरून पदर घेऊन बसल्या. काकांची पाठ त्यांच्या पाठीला लागली होती.

चंद्र डोंगरावर आला तोच उष्टावल्यासारखा. हळूहळू तांब्याच्या भांड्यासारखा लाल झाला. काका काहीच बोलत नव्हते. मला वाटलं, त्यांना बरं नाही. तेवढ्यात, मान न वळवता, ते म्हणाले, “अगं, तुझी चूक नव्हती ती.”

काकूंनी पदर आणखी पुढे ओढला.

“तेव्हा दोन टाइम चालायचे. पंचांगातली वेळ मुंबई टाइमची होती. आपलं घड्याळ मी कारखान्याच्या भोंग्यावर लावलेलं, म्हणजे रेल्वेचा स्टँडर्ड टाइम. एकोणचाळीस मिनिटं पुढे. मी तुला सांगून गेलो, आठ वीसला ग्रहण सुटतंय, मग ऊठ. ती एकोणचाळीस मिनिटं मिळवायची मी विसरलो. तू बरोबर आठ वीसला उठलीस आणि विळीवर बसलीस. ग्रहण तेव्हा चालूच होतं.” त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. “विळीने काही होत नाही, हे मी गावभर सांगतो. पण लोक तुला बोलत राहिले आणि मी गप्प बसलो. ते तर झालं ना?”

मला कुठे बघावं कळेना. इतकी वर्षं या माणसाची मी चहा पिता पिता नक्कल करत आलो होतो, त्याची लाज वाटली. पोहूमलनी डब्याचं झाकण उगाचच घट्ट केलं.

“मला माहीत आहे,” काकू म्हणाल्या.

“काय माहीत आहे?”

“वेळेचं. दुसऱ्या दिवशी नळावर स्टेशनमास्तरांची बायको भेटली. ग्रहण किती वाजता सुटलं ते तिने सांगितलं.”

“मग बोलली का नाहीस इतकी वर्षं?”

“काय बोलायचं? टाइमकीपरनेच टाइम चुकवला, असं कारखान्यात झालं असतं. फाटकावर उभं राहायचं होतं तुम्हाला रोज. लोक मला बोलले तेवढं पुरे होतं.”

काका वहीत तोंड खुपसून लहान मुलासारखे रडले. काकूंनी त्यांना रडू दिलं. बऱ्याच वेळाने मागे चटई सरकल्याचा आवाज झाला. काकू वळून बसल्या होत्या. पदर खांद्यावर आला होता.

“अहो, जरा सरका,” त्या म्हणाल्या. “तुमच्या डोक्याआड येतोय तो.”