अकरा लिंबं आणि एक कोस

त्या काळी आमच्या मुरूम गावात जहागीरदारांचे ड्रायव्हर दादामियाँ सोडले, तर मोटार चालवणारा दुसरा माणूस मीच होतो. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगत असे, आणि कुणी विचारत नसे.

झालं असं, की जहागीरदारांनी नवी मोटार घेतली आणि जुनी आमच्या शिवप्पाकाकांच्या गळ्यात मारली. काका भुसार मालाचे व्यापारी. पोत्यात हात घालून जोंधळा कुठल्या रानातला ते सांगतील, पण मोटारीला हात लावायचं म्हटलं की धोतर आवरून चार पावलं मागे सरकत. म्हणून मला दादामियाँकडे शिकायला धाडलं. आठ दिवसांत मी शिकलो. नवव्या दिवसापासून मी त्यांना शिकवू लागलो.

शिकवणी संपताना दादामियाँनी एकच गोष्ट बजावली. "देखो पंचाक्षरी, बुढ्ढी मोटर है. चालू करे तो कोसभर चलाना, गरम होने देना. जरासी चलाके बंद, फिर चालू, फिर बंद, ऐसा करे तो अंदर के प्लगां पेट्रोल में भीग जाते. फिर वो किसी की नै सुनती."

"कोसभर. समजलं," मी म्हणालो. समजलं म्हणायला मला कधीच वेळ लागत नाही.

पुढच्याच महिन्यात माझा साखरपुडा ठरला. मुलगी आलूरच्या माणिकप्पांची, चन्नम्मा. तिला मी चुलतबहिणीच्या लग्नात एकदाच पाहिलं होतं, पंगतीत वाढताना. तिनं मला दोनदा भात वाढला, मी तिसऱ्यांदाही मागितला. तेव्हापासून मला दुसरी मुलगी दिसेनाशीच झाली होती.

पण माणिकप्पा वेळेचे भारी कडक. घड्याळावर त्यांचा भरवसा नव्हता. अंगणात काठी रोवायची, मुहूर्ताच्या जागी दगड ठेवायचा, आणि काठीची सावली दगडाला टेकायच्या आत पाहुणा दारात पाहिजे. आधीचं एक स्थळ सावली टेकल्यावर आलं. त्यांना गूळपाणी देऊन तसंच परत पाठवलं होतं.

"पहाटं बैलगाडीनं निघू," काका म्हणाले. "तीन कोस जायचंय."

"काका, मोटार असताना बैलगाडी?" मी हसलो. "बायका न् फळांच्या टोपल्या बैलगाडीनं पुढं जाऊ द्या. आपण आठला निघू, नऊला पोचू. मुहूर्त दुपारचा आहे. माणिकप्पांना काठी रोवायलासुद्धा सवड मिळणार नाही."

काका गप्प बसले की मला वाटायचं, त्यांना पटलं.

साखरपुड्याच्या दिवशी सकाळी आठला मी हँडल मारलं. मोटार पहिल्याच फेऱ्यात सुरू झाली. तेवढ्यात रुद्रम्माकाकू ताट घेऊन आल्या. बाकीच्या बायका गेल्या, त्या मोटारीला ओवाळायला म्हणून मुद्दाम मागे राहिल्या होत्या.

"चाकाखाली लिंबू ठेवल्याबिगर शुभकार्याला निघायचं न्हाय. आन् हे आधी बंद कर. थरथरीनं दिवा इजतोय."

मी मोटार बंद केली. ओवाळून झालं, पुन्हा सुरू केली, लिंबू चिरडलं आणि निघालो. शेजारच्या दारात शांताक्का ताट घेऊन उभ्या.

"माझ्या दारावरनं तसाच जाणार व्हय रे? तुला मांडीवर खेळवलंय म्या."

ज्या मांडीवर खेळलो तिच्यावरून मोटार नेणं मला शोभलं नसतं. मी थांबलो. दिवा विझू नये म्हणून मोटार बंद. शिवाय जर्मनची लढाई सुरू होती, पेट्रोल औषधासारखं मिळायचं. उभ्या मोटारीत ते जाळणं पाप वाटायचं. ओवाळलं, लिंबू ठेवलं, गार इंजिन म्हणून चोक ओढला, सुरू केली, लिंबू फुटलं, दहा हात पुढे. तिथं पुढचं दार.

एका दारी थांबल्यावर दुसऱ्या दारी कसं नाही म्हणणार? पुढे रजियाबी ताटात गुलाबाची फुलं आणि खडीसाखर घेऊन उभ्या होत्या. "बेटा, हमारा भी लिंबू फोड," म्हणाल्या. तेही फोडलं. आमच्या गल्लीत घरं अकरा. अकरा वेळा चोक, अकरा वेळा सुरू, अकरा वेळा बंद. मला तर वाटत होतं, एवढा मान जहागीरदारांनाही मिळाला नसेल.

गल्लीच्या तोंडाशी, अकराव्या लिंबावर, मोटारीनं नकार दिला.

मी हँडल मारलं. काकांनी मारलं. दोन हमालांनी मिळून मारलं. मोटार नुसती खोकायची आणि पेट्रोलचा वास सोडायची. गल्लीच्या तोंडाशीच दादामियाँचं घर. ते पायरीवर बसून केव्हापासून बघत होते.

"कितने बार चालू करे?" त्यांनी विचारलं.

"अकरा," मी म्हणालो.

त्यांनी प्लग काढून मला दाखवले. ओलेचिंब. "सुखाना पडता. धूप में रखो तो दो-तीन घंटे."

साडेनऊ झाले होते. बैलगाडी केव्हाच पुढे गेलेली. माझ्या डोळ्यांसमोर चन्नम्मा नव्हतीच, नुसती काठी होती आणि तिची सावली. मला खरंच रडू येत होतं.

तेवढ्यात गल्लीच्या मागून घुंगरं वाजली. काका दुसरी बैलजोडी घेऊन येत होते. शिंगांना हिंगूळ, गळ्यात माळा. पहाटेपासून सजवून ठेवलेली दिसत होती.

"काका, तुमचा मोटारीवर विश्वास नव्हता?"

"मोटारीवर होता," काका म्हणाले आणि मोटेचा जाड नाडा मोटारीच्या पुढच्या दांडीला बांधू लागले.

अशी आमची मोटार निघाली. काका बैलांबरोबर पायी, मी स्टिअरिंग धरून, मागे काकू, शेजारी दादामियाँ मांडीवर रुमाल पसरून प्लग उन्हाला वाळवत. एक शेतकरी बांधावरून ओरडला, "बैलांला शिकवायलाव काय मोटार?" मी समोर बघत राहिलो.

आलूरच्या शिवेवर पोचलो तेव्हा सूर्य जवळजवळ डोक्यावर आला होता. दादामियाँनी प्लग बसवले, हँडल मारलं आणि मोटार गर्जली! मी बैल सोडायला लावले, काकांना मागून यायला सांगितलं, आणि थाटात माणिकप्पांच्या दारापुढे आलो. अंगणात सगळं गाव. माणिकप्पा काठीजवळ उभे. सावलीला चार बोटं बाकी होती.

"बर्री, बर्री, या या," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक होतं. माझे होणारे सासरे पहिल्यांदाच हसले होते.

मागून सासूबाई ताट घेऊन आल्या. ताटात दिवा. दिव्याशेजारी लिंबू. त्यांनी हातानं खूण केली, मोटार बंद करा.

लिंबू दिसलं आणि मला आमची गल्ली आठवली. शिवेपासून इथपर्यंत जेमतेम शंभर पावलं झाली होती. आता बंद केली, तर परत जाताना साऱ्या आलूरसमोर बैल जुंपावे लागणार. एकदा चुकलो होतो, दुसऱ्यांदा चुकणार नव्हतो. मी गिअर टाकला आणि दारावरून सरळ पुढे निघालो.

"किधर?" दादामियाँ ओरडले.

"कोसभर. तुम्हीच सांगितलंत."

त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

अर्धा कोस गेलो, अर्धा कोस परत आलो. मधल्या वेळात काय झालं ते मला नंतर कळलं. नवरदेव पळाला म्हणून अंगणात गलका उठला. बैल घेऊन आलेल्या काकांना माणिकप्पांनी विचारलं, "तुमचं पोरगं कुठं गेलं?" काका म्हणाले, "पोराचं म्हाईत न्हाय. बैलं आल्याती."

मी परतलो तेव्हा सावली दगडापासून बोटभर दूर होती. मी मोटार बंद करून धापा टाकत माणिकप्पांच्या पाया पडलो.

"कुठं गेलता?"

"मोटार गरम करायला."

मग आतल्या दाराआडून हसू ऐकू आलं. दाबून दाबून शेवटी फुटलेलं. ते चन्नम्माचं आहे हे मला न सांगता कळलं, आणि साखरपुडा मोडला तरी चालेल, पण हे हसू रोज ऐकायला मिळावं, असा उलटासुलटा विचार माझ्या मनात आला.

माणिकप्पांनी दाराकडे पाहिलं, मग सावलीकडे.

"येळेत आलाय," ते म्हणाले. "दोनदा आलाय. आता न्हाय कसं म्हणू?"

साखरपुडा झाला. मोटारही परत निघताना पहिल्या हँडलला सुरू झाली, पण ते बघायला कुणी थांबलं नव्हतं. लग्नाची तारीख ठरवताना माणिकप्पांनी काकांपुढे एकच अट ठेवली. वऱ्हाड बैलगाडीतून आणायचं.

काकांनी लगेच मान्य केलं. मी म्हणालो, हरकत नाही, बैलगाडी मीच हाकीन.

"ती दुसरी अट," माणिकप्पा म्हणाले. "कासरा जावयाच्या हातात द्यायचा न्हाय."